आईच्या शेजारची जागा

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी आज जेवताना जाहीर केलं की मेल्यावर त्यांना आईच्या शेजारी झोपायचं नाही.

भाजी वाढून घेता घेता म्हणाले, "मी ठरवलंय. देह मेडिकल कॉलेजला द्यायचा. मीठ सरकव जरा इकडे." जसा काही जुना पंखा भंगारात द्यायचाय.

मी घास खाली ठेवला. नवऱ्यानं ठेवला नाही. तो शांतपणे जेवत राहिला, म्हणजे त्याला हे आधीच माहीत होतं. या घरात मला सगळं शेवटी कळतं आणि निस्तरायला मात्र मी पहिली.

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ फोनवर रडत होता आणि बाबा गप्प बसून होते. दफनभूमीत दोघांसाठी जोडजागा मी शोधली. दगड मी निवडला, करडा, फार न चकाकणारा. त्यावर आईचं नाव आणि शेजारी बाबांचंही नाव कोरून घेतलं, जन्मसालासकट. पुढे एक आडवी रेघ आणि मोकळी जागा. दगडवाला म्हणाला होता की दोन्ही नावं एकदमच कोरली तर अक्षरं जुळतात. बाबांना नेऊन दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "छान आहे दगड." दगड छान आहे म्हणाले होते. नुसता दगड. हे आत्ता लक्षात येतंय.

रक्तदाब वाढल्यापासून डॉक्टरांनी सांगितलंय, ओरडण्याऐवजी लिहून काढा. म्हणून लिहितेय. ओरडूनही झालंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नवरा म्हणतो, "त्यांचं शरीर आहे."

मी म्हटलं, "शरीर त्यांचं असलं तरी उचलायचं आपल्यालाच आहे ना?"

यावर तो चष्मा पुसत बसला. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाचा चष्मा इतका मळतो कसा, देव जाणे. उत्तर द्यायचं नसलं की मळतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

धाकट्याला फोन केला. तो दुसऱ्या शहरात, त्यामुळे त्याची मतं ठाम असतात. "ताई, काहीही काय! बाबा आईच्या शेजारीच. लोक काय म्हणतील? तू समजाव त्यांना, तुझं ऐकतात ते."

माझं ऐकतात! मी सांगते आणि ते ऐकून घेतात, त्याला ऐकणं म्हणायचं असेल तर ऐकतात. त्यांच्या खोलीतली खिडकी रोज झोपायच्या आधी मी बंद करून येते, छातीला गार वारा नको म्हणून. रोज सकाळी ती उघडी असते. आईच्या वेळी असं कधी नव्हतं. ती होती तोवर ती खिडकी बंद म्हणजे बंद असायची.

आणि मेडिकल कॉलेजचं म्हणाल तर मला कुणी शिकवू नये. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पहिल्या वर्षी आम्हीही विच्छेदनाच्या हॉलमध्ये उभ्या राहिलो होतो, एका टेबलाभोवती आठजणी. लोखंडी टेबल, वर पांढरा दिवा, आणि तो वास, जो केस धुतले तरी जात नाही. तिथं काय होतं ते मला माहीत आहे. बाबांना नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज कॉलेजला जाऊन आलो. मी नेलं नसतं तर ते एकटे बसनं गेले असते. जाणारच होते, बूट घालून दारात उभे. शर्ट इतका चुरगळलेला की दोन पेशंटच्या वेळा पुढे ढकलून आधी मी तो बदलायला लावला.

शरीररचना विभागाच्या डॉक्टर तरुण आहेत, माझ्या निम्म्या वयाच्या असतील. मी त्यांना बाबांचा इतिहास सांगायला सुरुवात केली: हृदय, गुडघा, साखर. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि बाबांना विचारलं, "काका, तुम्ही सांगा ना."

आणि बाबा सुटले की! जन्मभर लिफ्टची दुरुस्ती कशी केली, खांदा कसा निखळला, डाव्या हाताचं बोट साखळीत कसं सापडलं. ते बोटाचं तर मलासुद्धा नवीन होतं. मी समजत होते, ते बोट जन्मतःच वाकडं आहे. मग म्हणाले, "मी आलो आणि नेमक्या तुम्ही सुटीवर असलात तर?" डॉक्टर खळखळून हसल्या. "तुम्ही या तर खरं, कुणीतरी असतंच." म्हणजे आता आमंत्रणंसुद्धा सुरू झाली!

त्यांनी कॉफी विचारली. मी म्हटलं, बाबा कॉफी घेत नाहीत. तोवर बाबा हो म्हणून बसले होते. सगळी प्यायले.

एक बरं झालं. डॉक्टर म्हणाल्या की काकांनी लिहून दिलं तरी शेवटी घरच्यांची संमती लागते. वेळ आल्यावर मुलांपैकी एकानं जरी नाही म्हटलं तरी ते आग्रह धरत नाहीत, भांडणात पडत नाहीत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन लावली.

परत येताना तिथल्या विच्छेदनाच्या हॉलवरून जावं लागलं. दार बंद होतं. मी श्वास रोखून पुढे गेले. बाबा थांबून काचेतून आत बघत होते, लहान मुलं मिठाईच्या दुकानात बघतात तसे. कपाळाला हात लावला मी.

२ मार्च, रविवार

आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून त्यांच्या खोलीत गेले. खिडकी उघडी. आधी बंद केली.

"बाबा, पण का? मला एक धड कारण सांगा."

"मी लिफ्ट कुठे शिकलो?" ते म्हणाले. "मोडीत काढलेल्या लिफ्टवर. उस्तादांनी सांगितलं होतं, हिला पाहिजे तशी उघड, आता ही कुणाला पाडणार नाही. चालत्या लिफ्टवर शिकलो असतो तर माणसं मेली असती. पोरं कशावर तरी शिकणारच ना?"

"हे तुम्ही त्या डॉक्टरीणबाईंना सांगा. मला खरं सांगा."

त्यांनी बंद खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, "खरं सांगू? राग येईल तुला."

"आलेलाच आहे. सांगा."

"जन्मभर तुझ्या आईच्या शेजारी झोपलो. बाई चांगली होती. माझं काही कमी केलं नाही. पण खिडकी तिची, दिवा तिचा, उठायची वेळ तिची, कूस बदलायची परवानगीही तिची. मी तक्रार करत नाही. फक्त आता तिथंही नको. मला एकट्याला जाऊ दे कुठंतरी."

आईनं या माणसासाठी काय नाही केलं? कपडे, औषधं, जेवण. यांना कधी बोट उचलावं लागलं नाही. कुठली भाजी आवडते हेसुद्धा तीच सांगायची, यांना विचारायची वेळच यायची नाही. आदर्श जोडपं म्हणायचे लोक. आणि हे बघा! केलेल्याचं चीज नाही ते नाही.

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला माहीत नाही तिथं काय करतात. मी पाहिलंय."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी तू रोज जेवताना सांगायचीस. तुमच्या टेबलावरचा तो म्हातारा. त्याचे खांदे कसे होते, तळहाताला घट्टे होते, तो सुतार असेल की गवंडी यावर तुम्ही पोरी कशा वाद घालायचात. तुझी आई म्हणायची, पानावर नको ते विषय. मी ऐकत असायचो. इतक्या आदरानं तुला जिवंत माणसाबद्दल बोलताना मी अजून ऐकलं नाही."

हा टोमणा होता का? असेल तर फार लागला. मी खिडकी नीट लागलीय का बघून बाहेर आले.

२० मार्च, गुरुवार

अबोला असता तर बरं झालं असतं. बाबा अतिशय गोड वागताहेत. "चहा छान झालाय." "तू म्हणतेस तर घालतो स्वेटर." देहाचा विषय काढत नाहीत. सकाळी खिडकीही बंद असते.

नवऱ्याला म्हटलं, बघ, शेवटी समजलं त्यांना. तो चष्मा पुसायला लागला.

५ एप्रिल, शनिवार

काल दुपारी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आता हॉस्पिटलमध्ये आहेत. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, फार काही करता येण्यासारखं नाही, घरी नेऊन जपायचं.

नर्सनं उशी चुकीची लावली होती, ती बदलून घेतली. पडद्याची कडी तुटलेली होती, तीही सांगितली. वॉर्डमधल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणले असं नवरा म्हणतो. आणले तर आणले. मान तशी ठेवली तर श्वास कसा लागेल?

संध्याकाळी बाबा डोळे मिटून होते. मला वाटलं, झोपलेत. तर डोळे न उघडताच म्हणाले, "तुला हवं तसं कर. आईच्या शेजारी तर आईच्या शेजारी. तू ठरव."

मी म्हटलं, "नक्की?"

म्हणाले, "हो. दमलो मी."

म्हणजे एकदाचं मानलं. धाकट्याला लगेच कळवलं. तो म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं? तुझं ऐकतात."

सुटल्यासारखं वाटायला हवं. रात्रीचं जेवण मात्र गेलं नाही. हॉस्पिटलच्या वासानं असेल.

७ एप्रिल, सोमवार

नवऱ्याशी भांडण झालं. म्हणजे मी भांडते नेहमीच, आज तो भांडला.

मी सहज म्हटलं होतं की बाबांनी मानलं, आता दगडवाल्याला विचारून ठेवते, पुढचं साल कोरायला तो किती दिवस घेतो. तर हा भर स्वयंपाकघरात हातातली बशी आपटून म्हणाला, "मानलं नाही त्यांनी. सोडून दिलं. मानणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं."

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

आणि चष्मा न पुसताच बाहेर निघून गेला.

ह्याचं काय बिनसलंय ते कळत नाही. ह्यानं काय सोडून दिलं? घरात कुठल्या गोष्टीला मी नाही म्हणते? म्हणायची वेळच येत नाही, हा काही मागतच नाही.

बशीला तडा गेलाय.

९ एप्रिल, बुधवार

आज क्लिनिकमध्ये एका बाईंचा खांदा हलवून बघत होते. हात वर उचलला आणि माझी बोटं आपोआप हाडाच्या त्या कडेवर गेली, जिथे नेहमी जातात. ती कडा मी पुस्तकातून शिकले नाही. त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर शिकले. इतकी वर्षं माझे हात रोज त्याला विचारून चालताहेत, आणि त्याच्या घरी कुणीतरी नाही म्हटलं असतं तर? माझ्यासारखी कुणी ठमाबाई त्याच्याही घरात असणारच की. तिनं हो म्हटलं असणार. कसं म्हटलं असेल?

त्या बाई विचारत होत्या, "मॅडम, काही गंभीर आहे का?" मी म्हटलं, नाही हो, माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलंय.

संध्याकाळी धाकट्याला फोन केला. तासभर वाद. लोक, आई, लोक, आईचा आत्मा, पुन्हा लोक. शेवटी मी म्हटलं, "हे बघ, तुला नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन बाबांच्या तोंडावर म्हण. फोनवरचं 'नाही' मी धरणार नाही." तो येत नाही हे मला माहीत होतं. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. "कर तुला काय करायचं ते." मी म्हटलं, "मला करायचं नाहीये. बाबांना करायचंय." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "त्यांना सांग, मी हो म्हणालोय."

बाबांना हॉस्पिटलमध्ये जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं आनंद होईल, निदान हात धरतील. त्यांनी एक डोळा उघडला. "तू रडलीस का? मग नको."

"बाबा, आता पुन्हा 'नको' सुरू करू नका! ठरलंय!"

ते हसले. खूप दिवसांनी. म्हणाले, "ठरलंय तर ठरलंय बाई."

९ मे, शुक्रवार

बाबा मंगळवारी गेले. दुपारी, घरीच, खुर्चीत, खिडकीशी. मी पेशंटकडे होते. नवरा घरी होता. म्हणतो, काही त्रास झाला नाही, पावाच्या गाडीचा आवाज आला म्हणून बाहेर बघत होते, आणि मग बघत नव्हते.

कॉलेजला फोनही त्यानंच केला. गाडी यायला उशीर. आली तर ड्रायव्हरला गल्ली सापडेना. मी खाली जाऊन हात दाखवला तर तो दुसरीकडे वळला. तेव्हा मी रस्त्यात उभी राहून इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरची माणसं खिडकीत आली. बाबा गेल्यावर माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द "डावीकडे!" असा होता.

मग लिफ्टचा प्रश्न. आमच्या इमारतीची लिफ्ट अरुंद. स्ट्रेचर आडवं मावत नाही. दोघं माणसं म्हणाली, "ताई, पट्टे घट्ट बांधून उभं करून लिफ्टनं नेता येईल, नाहीतर जिन्यानं. तुम्ही सांगा."

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला काही सांगताच येईना. मी वळून खोलीकडे बघितलं. बाबांना विचारावं म्हणून. खरंच, विचारण्यासाठी वळले.

नवरा म्हणाला, "लिफ्टनं न्या. हिच्या मोटरचा आवाज ते ओळखायचे."

मी म्हटलं, "हो, लिफ्टनं."

आत चौघंच मावलो: ती दोघं माणसं, मी आणि बाबा. नवरा जिन्यानं धावला. बाबा उभे होते, माझ्याहून उंच. उंच आहेत हे विसरलेच होते मी, खुर्चीत बघून बघून. चादर सरकली होती, मी ती नीट करायला हात उचलला. मग राहू दिली. प्रत्येक मजल्याला लिफ्ट थोडी थरथरते. मी त्यांच्या दंडाला हात लावून उभी होते, खालपर्यंत.

गाडीजवळ कॉलेजच्या त्या डॉक्टर स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, "मी सुटीवर नाहीये." मग त्यांनाही रडू आलं आणि मलाही. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. मी त्याला म्हटलं, "येताना उशीर केलात तो तुम्ही, आता घाई कसली?"

१ जून, रविवार

धाकटा आला होता. त्याला दफनभूमीत घेऊन गेले. आईचं नाव, शेजारी बाबांचं नाव, जन्मसाल, रेघ, आणि पुढे काही नाही. तो म्हणाला, "हे विचित्र दिसतं, ताई. बाबा अजून जिवंत असल्यासारखं."

दगडवाल्याला विचारलं, नाव काढता येईल का. म्हणाला, कोरलेलं पुसत नसतं बाई, भरता येतं, पण डाग राहतो. राहू दे म्हटलं. तसंच राहू दे.

आईच्या बाजूचं गवत काढलं. बाबांच्या बाजूचंही आपोआप काढलं गेलं. मग आईला मनातल्या मनात म्हटलं, रागावू नकोस, आता पाय पसरून झोप. ती रागावली असणारच. कुणी तिला न विचारता काही केलेलं तिला कधीच खपलं नाही.

घरी परतताना गाडीत मी नवऱ्याला विचारलं, "तुला काय हवंय? म्हणजे, पुढे. देहाचं."

तो रस्ता बघत होता. दोन सिग्नल गेले. म्हणाला, "विचार करून सांगतो."

नेहमीप्रमाणे उत्तर मीच देणार होते. तोंडाशी आलं होतं. धाकटा मागच्या सीटवर होता म्हणून थांबले असेन.

८ जून, रविवार

आठवडा झाला, हा काही सांगेना. माझा जीव टांगणीला. आज नाश्त्याला शेवटी म्हटलं, "झाला का विचार?"

म्हणाला, "हो. तुझ्या शेजारी चालेल मला."

मला किती बरं वाटलं ते इथंही लिहिणार नाही.

"पण," तो म्हणाला, "भिंतीकडे नको."

"जमिनीत भिंत कुठून येणार?"

"जमिनीतलं नाही. आत्ताचं सांगतोय. आपल्या पलंगावर. मला भिंतीकडे झोपायला आवडत नाही."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. चष्मा जागेवरच होता.

मी काय काय बोलणार होते! पहाटे पेशंटसाठी मला लवकर उठावं लागतं, तुझी झोप मोडू नये म्हणून तर तुला आतली बाजू दिली, मी तुझ्याच सोयीचं बघितलं. सगळं खरं आहे. सगळं तोंडाशी आलं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, "बरं."

आता दुपार आहे. तो बाहेरच्या बाजूला पाय पसरून घोरतोय, एक हात पलंगाखाली लोंबतोय. मी भिंतीकडे पडून लिहितेय. कोपर वळवायला जागा नाही. तोंडावर भिंतीचा गारवा येतोय, प्लास्टरला पोपडे आलेत, मला कधी दिसले नव्हते. पाणी प्यायला उठायचं तर ह्याला ओलांडून जावं लागेल आणि हा जागा होईल.

तहान लागलीय. कसा झोपला असेल हा इथे?